चाळिशीनंतर मानसशास्त्रात एम.ए.: नागपुरात राहून पुढची वाट कशी आखावी

चाळिशी ओलांडल्यावर मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेणाऱ्या बहुतेकांना ‘समुपदेशक व्हायचे’ एवढे ठाऊक असते. मात्र कुठे, कोणासाठी आणि कोणत्या अधिकाराने, हा विचार दुसऱ्या वर्षावर ढकलला जातो. तो पहिल्याच सत्रात करावा, कारण वाया गेलेली दोन वर्षे बाविशीतल्या विद्यार्थ्याला भरून काढता येतात, आपल्याला ती परवडत नाहीत.

सर्वप्रथम कायदा समजून घ्यावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार नुसत्या मानसशास्त्रातील एम.ए.वर कोणी ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ठरत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण लागते. आजवरचा रुळलेला मार्ग म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ, रुग्णालयातील देखरेखीखालचे एम.फिल. ही पदवी आता बंद होण्याच्या टप्प्यात आहे, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची आणि संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावी. ओळखीच्यांच्या सांगण्यावर विसंबू नये. घराचा हप्ता सुरू असताना आणि मुले बारावीत असताना पूर्णवेळ प्रशिक्षण झेपेल का, याचा हिशेब घरच्यांसमोर बसून मांडावा. झेपणार नसेल तर शाळा, महाविद्यालय, कंपनी किंवा स्वयंसेवी संस्थेतील समुपदेशन हा दुय्यम पर्याय आहे असे मानण्याचे कारण नाही. दारावरच्या पाटीत ‘क्लिनिकल’ हा शब्द तेवढा नको.

एम.ए. अद्याप सुरू केले नसेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्र शिकवण्यास मनाई केली आहे. त्यामुळे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा विभाग असो वा एखादे संलग्न महाविद्यालय, वर्गात बसणे आलेच आणि नोकरदाराला रजेचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

खरी कमाई प्रात्यक्षिकात होते. प्रादेशिक मनोरुग्णालय, मेडिकल व मेयो ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये किंवा मिहानमधील एम्स येथे निरीक्षणाची परवानगी मिळते का, हे विभागाचे पत्र घेऊन विचारावे. वैयक्तिक ओळखीने गेल्यास ते तास कोणी मोजत नाही. चाचण्या शिकताना व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनाकडे विशेष लक्ष द्यावे. त्याचे भारतीय रूपांतर डॉ. ए. जे. मालिन यांनी १९६५ मध्ये नागपूरच्याच बाल मार्गदर्शन केंद्रात केले, हे शहरातील विद्यार्थ्यांनाही क्वचितच माहीत असते. या चाचणीत पालकाशी बोलून मूल काय काय स्वतः करते हे टिपायचे असते. “पोरगा आपल्या हातानं जेवते का?” असे विचारल्यावर आई चटकन “जेवते ना” म्हणते. पोळीचा तुकडा कोण मोडून देते, भात कोण कालवते, हे पुढचे प्रश्न पुस्तकात असोत वा नसोत, दोन मुले वाढवलेल्या विद्यार्थिनीला ते आपोआप सुचतात. वयाचा फायदा नेमका इथे आहे आणि मुलाखतीत तो अशाच उदाहरणाने दाखवावा. मात्र त्याच अनुभवापायी सल्ला देण्याची घाईही होते. म्हणून देखरेख करणाऱ्या प्राध्यापकांना नोंदवही दर आठवड्याला दाखवावी आणि तिच्यात समोरच्याचे शब्द व आपले मत वेगळ्या रकान्यांत लिहावे.

अध्यापनाची ओढ असणाऱ्यांसाठी नियम सोपे आहेत. सहायक प्राध्यापक पदाच्या पात्रतेसाठी नेट आणि महाराष्ट्राची सेट या दोन्ही परीक्षांना वयोमर्यादा नाही. खुल्या प्रवर्गाला एम.ए.त ५५ टक्के गुण हवेत. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला मात्र वयाची अट आहे, तेव्हा पीएच.डी.चा खर्च तिच्या भरवशावर आखू नये.

अर्ज करताना आधीची नोकरी बायोडेटाच्या तळाशी लपवू नये. वीस वर्षे शिकवलेल्या व्यक्तीने आधी सीबीएसई शाळांकडे अर्ज करावा, कारण तेथे समुपदेशक नेमणे मंडळाच्या नियमांत आहे. मनुष्यबळ विभागात काम केलेल्याने बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांकडे वळावे, आणि परिचारिकेने रुग्णालय सोडून दुसरीकडे पाहण्याची गरजच नाही.