चॅटमधले नवे बोल कसे ओळखावेत, कधी वापरावेत

घरातल्या मुलांचा किंवा ऑफिसमधल्या नव्या सहकाऱ्याचा मेसेज वाचताना एखादा शब्द अडला, की आपण गूगलवर टाकतो, अर्थ वाचतो आणि कळलं असं धरून चालतो. साध्या संक्षेपांना एवढं पुरतं. ‘बीआरबी’ म्हणजे आलोच, ‘आयएमओ’ म्हणजे माझ्या मते, ‘टीबीएच’ म्हणजे खरं सांगायचं तर. पण पुष्कळ बोल असे आहेत, की अर्थ पाठ असूनही वापरताना फसगत होते. त्यांना लोक उत्तर काय देतात, हे वाचलं तरच ते कळतात. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये सारखं उत्तरांकडे बघायला सांगितलं आहे.

१. अर्थ शोधण्याआधी चार-पाच वापर वाचा

व्हॉट्सॲपवर चॅटच्या आतही शब्द शोधता येतो. नवा बोल तिथे टाका आणि कोण कोणाला म्हणालं, कशावरून म्हणालं, पुढे समोरचा काय बोलला, हे पाहा. फोटोखाली कुणी कवटीचं चिन्ह टाकलं तर मोठ्यांच्या काळजात धस्स होतं. उत्तरं वाचली की कळतं, सगळे हसतायत. आपण ‘हसून हसून मेलो’ म्हणतो, तेच ते. ‘नो कॅप’च्या आधी-नंतर हमखास कुणाचा तरी अविश्वास असतो: ‘खरंच?’, ‘चल, काहीही!’ म्हणजे हा आपल्या ‘आईशप्पथ’च्या जागी बसणारा बोल.

काही बोलांना अर्थच नसतो. ‘सिक्स-सेव्हन’ म्हणत दोन्ही तळवे वरखाली करणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. डिक्शनरी डॉट कॉम या संकेतस्थळाने २०२५ सालचा शब्द म्हणून तोच निवडला, आणि त्याचा ठरावीक अर्थ सांगता येत नाही हेही मान्य केलं. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने साथ द्यायची, एवढाच तो खेळ. तिथे अर्थ विचारत बसलात तर मुलं हिरमुसतील.

२. बोल कुठून आला ते बघा

ही पायरी लोक गाळतात आणि नेमके इथेच अडकतात. जून २०२२ मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलले. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे त्यांचे शब्द काही दिवसांत महाराष्ट्रभर झाले. सहलीचा फोटो टाकायचा, वर ‘काय झाडी, काय डोंगार’ लिहायचं आणि खाली मित्रांनी ‘एकदम ओक्के’ म्हणायचं, अशी जोडीच जमली. सांगोल्याकडच्या बोलीची ऐट त्यात होती, म्हणून तो लोकांना आपला वाटला.

पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी, बंडखोर आमदारांनी पैसे घेतल्याचा आरोप करत, ‘पन्नास खोके, एकदम ओक्के’ ही घोषणा दिली आणि ‘ओक्के’ला राजकारणाची धार आली. मित्रांच्या ग्रुपवर जे कौतुक, तेच सोसायटीच्या किंवा गावच्या ग्रुपवर टोमणा म्हणून वाचलं जाऊ शकतं. उगम माहीत असेल तर हे आधीच लक्षात येतं.

इंग्रजी बोलांनाही असाच इतिहास आहे. ‘नो कॅप’ आणि ‘स्ले’ (म्हणजे कमाल केलीस) अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलण्यातून आले. ‘सस’ म्हणजे संशयास्पद, हा जुनाच शब्द २०२० मध्ये ‘अमंग अस’ या खेळामुळे मुलांच्या तोंडी बसला.

३. आता कोश उघडा, पण दोन

अर्बन डिक्शनरी या इंग्रजी बोलींच्या ऑनलाइन कोशावर कुणीही व्याख्या लिहू शकतं. त्यामुळे नवे शब्द तिथे लवकर सापडतात आणि थट्टेने लिहिलेले अर्थही सापडतात. दुसऱ्या कोशाशी ताडून बघा, आणि पहिल्या पायरीत वाचलेल्या उत्तरांशी तो अर्थ जुळतो का तेही पाहा. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन मेसेजच्या शेवटी ‘लोल’ लिहीत. ते त्याचा अर्थ ‘खूप प्रेम’ असा धरत होते, असं त्यांच्या परिचयातल्या माजी वृत्तपत्र संपादक रिबेका ब्रुक्स यांनी २०१२ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांच्या वर्तनाची तपासणी करणाऱ्या लेव्हसन चौकशीत सांगितलं. खरा अर्थ ‘मोठ्याने हसतोय’ असा आहे, हे कॅमेरॉन यांना ब्रुक्स यांच्याकडूनच कळलं.

४. सूर कानाने वाचा

‘ठीक आहे’, ‘ठीके’, ‘ओक्केऽऽ’ आणि नुसतं ‘के’ यांचा अर्थ एकच, पण सूर वेगवेगळा. ‘के’ आलं की समजा, समोरचा एकतर घाईत आहे किंवा रुसला आहे. पूर्णविरामही बोलतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ च्या एका अभ्यासात, एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर वाचणाऱ्यांना ते कमी मनापासूनचं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसा फरक दिसला नाही. शाळेत विरामचिन्हं नीट शिकलेल्या पिढीने हे जरूर लक्षात ठेवावं. तुमचं ‘हो.’ मुलीला तुटक वाटू शकतं.

५. वापरायला सुरुवात करा

पहिल्यांदा उत्तरात वापरा. समोरच्याने ‘विषय हार्ड’ म्हणून बुलेटचा फोटो टाकला, तर ‘नाद खुळा’ म्हणायला काहीच हरकत नाही. कोल्हापूरकडच्या माणसाला तर बरंच वाटेल. एका मेसेजात एकच बोल पुरे. तीन कोंबले तर तुम्ही नक्कल करताय असं वाटतं.

ज्याला ‘अहो’ म्हणता त्याला ‘ब्रो’ किंवा ‘भावा’ म्हणू नका. पगार, आजारपण, शाळेच्या तक्रारी आणि दुखवटा यांत तर साधी, पूर्ण वाक्यंच हवीत. ‘आरआयपी’ एवढीच तीन अक्षरं टाकणं मला पटत नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं आहे, त्याच्यासाठी दोन ओळी लिहायला वेळ काढावा.

६. कुणाचं चुकलं तर सांभाळून घ्या

हसता हसता डोळ्यांत पाणी आलेलं चिन्ह अनेक ज्येष्ठांना रडण्याचं वाटतं आणि ते निधनाच्या बातमीखाली टाकलं जातं. ग्रुपवर टोकू नका. सरळ फोन करा: ‘काका, ते हसण्याचं आहे, काढून टाका.’ पाठवलेला मेसेज सर्वांसाठी पुसायला व्हॉट्सॲप दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ देतं, आणि शब्द दुरुस्त करायला १५ मिनिटं. पुसून झालं की हात जोडलेलं चिन्ह कुठे सापडतं, तेही त्याच फोनवर सांगा.