डीटीएस की डॉल्बी? आधी लेव्हल सारखी करा

झाडीपट्टीत मी नाटकांना साऊंड देतो. दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावोगावच्या जत्रेपासून) होळीपर्यंतच्या रात्री शामियान्यातच जातात. उरलेल्या दिवसांत घरी ब्ल्यू-रे लावून ऐकणं हा माझा छंद. वडसा, ब्रह्मपुरी, लाखांदूर या पट्ट्यात ब्ल्यू-रे प्लेअर असलेली घरं थोडीच, पण आहेत ते हौशी आहेत. नागपूरहून जुन्या डिस्क शोधून आणतात आणि भेटले की विचारतात, भाऊ, डीटीएस चांगलं की डॉल्बी? डिस्कवर सिनेमाचा आवाज साठवण्याच्या या दोन कंपन्यांच्या पद्धती.

दोन्ही ट्रॅक सारख्या लेव्हलवर ऐकल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. आवाज किंचित मोठा असला तरी कानाला तोच जास्त साफ आणि दमदार वाटतो. शामियान्यात हे रोज दिसतं. नटाचा माइक जरासा उचलला की मागचे लोक म्हणतात, आज साऊंड साफ आहे. साऊंड कालचाच असतो, लेव्हल वाढलेली असते.

घरी ट्रॅक बदलताना हेच घडतं, आणि त्याला नेमकं कारण आहे. डॉल्बीच्या ट्रॅकमध्ये संवादाची सरासरी पातळी सांगणारा एक आकडा नोंदलेला असतो. त्याला डायलनॉर्म म्हणतात. वेगवेगळ्या कार्यक्रमांतले संवाद सारख्या उंचीवर यावेत म्हणून डिकोडर (ट्रॅक उलगडणारा भाग) तो आकडा वाचून पूर्ण ट्रॅक खाली ओढतो. आकडा उणे ३१ असेल तर काहीच कमी होत नाही. पुष्कळ सिनेमांवर तो उणे २७ असतो, म्हणजे सगळा ट्रॅक ४ डेसिबलने खाली येतो. डीटीएसमध्येही अशी सोय आहे, पण बहुधा ती वापरलेली नसते. त्यामुळे रिमोटवर ट्रॅक बदलला की डीटीएस अंगावर येतं आणि डॉल्बी मवाळ वाटतं. यात आवाजाचा दर्जा कुठेच घसरलेला नसतो. ‘डीटीएस भारी’ हे आपल्याकडचं मत बरंचसं या ४ डेसिबलवर उभं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आता तुलना करायची कशी ते सांगतो.

पहिलं काम, रिसीव्हरच्या, म्हणजे प्लेअरचा आवाज घेऊन स्पीकरला देणाऱ्या डब्याच्या, डिस्प्लेवर काय लिहून येतं ते पाहा. डिस्कच्या कव्हरवर डॉल्बीचं ट्रू-एचडी किंवा डीटीएसचं डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ (आवाजातलं काहीच न गमावणारे फॉर्मॅट) छापलं आहे म्हणून तेच तुमच्या स्पीकरपर्यंत पोहोचतं असं नाही. ऑप्टिकल केबलमधून दोन चॅनेलचा पीसीएम (उलगडलेला आवाज) किंवा साधं डॉल्बी डिजिटल आणि साधं डीटीएस एवढंच जातं. ट्रू-एचडी आणि मास्टर ऑडिओ तिच्यात मावत नाहीत, त्यांना एचडीएमआय लागतं. रिसीव्हरचं एचडीएमआय १.३ किंवा पुढचं असेल आणि त्यात हे डिकोडर असतील, तर प्लेअरमध्ये ‘बिटस्ट्रीम’ निवडा, म्हणजे ट्रॅक न उलगडता रिसीव्हरकडे जातो. रिसीव्हर त्याहून जुना असेल, पण एचडीएमआयवरून आवाज घेत असेल, तर प्लेअरला ‘पीसीएम’वर ठेवा. मग उलगडण्याचं काम प्लेअर करतो, आणि त्या कामात दर्जा जात नाही. काही जुन्या होम थिएटरच्या डब्यांवर एचडीएमआयची भोकं असतात, पण ती फक्त चित्र पुढे टीव्हीला देतात. तिथे ऑप्टिकलशिवाय वाट नाही.

प्लेअरची वायर आधी टीव्हीला आणि तिथून एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरून रिसीव्हरला देणाऱ्या सोयीने) रिसीव्हरला, अशी जोडणीही पुष्कळ घरी दिसते. साध्या एआरसीतून ट्रू-एचडी किंवा मास्टर ऑडिओ जात नाही, त्यासाठी तिचं पुढचं रूप, ईएआरसी, हवं. प्लेअर सरळ रिसीव्हरला जोडा, हा प्रश्नच मिटतो.

प्लेअरच्या मेनूत ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ असा एक पर्याय असतो. तो बंद करा. मेनूच्या बटणांचे आवाज आणि दिग्दर्शकाची कॉमेंट्री मुख्य ट्रॅकमध्ये मिसळण्यासाठी तो असतो. तो चालू असला की बिटस्ट्रीमवर ठेवलेला प्लेअर सगळं मिसळून पुन्हा साध्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये बांधतो. डिस्प्लेवर ट्रू-एचडी येत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी हेच पाहतो. त्यानंतर रिसीव्हरमधला ‘डायनॅमिक रेंज’ किंवा ‘नाईट मोड’ पाहा. तो ‘ऑटो’वर असेल तर ट्रू-एचडीचा मोठा आवाज आपोआप दाबला जाऊ शकतो. तुलनेपुरता तरी ‘ऑफ’ ठेवा.

आता फॉर्मॅट. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलला जास्तीत जास्त ४४८ केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट) मिळायचे, ब्ल्यू-रेवर ६४० मिळतात. साध्या डीटीएसला ब्ल्यू-रेवर १,५०९ पर्यंत जाता येतं. हे दोन्ही आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतात, कानाला सहसा कळणार नाही असा हिशेब करून. ६४० आणि १,५०९ हे आकडे मात्र सरळ एकमेकांसमोर ठेवू नका. दोघांची आवाज दाबून कमी जागेत बसवण्याची पद्धत वेगळी आहे. डॉल्बी कमी जागेत जास्त हुशारीने काम करतं, म्हणून आकडा जवळपास अडीच पट झाला तरी दर्जा अडीच पट होत नाही.

एलपीसीएम म्हणजे न दाबलेला आवाज. ५.१ चे सहा चॅनेल (पाच स्पीकर आणि एक सबवूफर), सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकी २४ बिट, असा गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ६९ लाख बिट होतात. दोन तासांच्या सिनेमाला एकट्या आवाजाचे ६ जीबीहून जास्त लागतात. डिस्क २५ किंवा ५० जीबीची. २००६ मध्ये ब्ल्यू-रे आली तेव्हाच्या बऱ्याच डिस्कवर हाच ट्रॅक असायचा. पुढे ट्रू-एचडी आणि मास्टर ऑडिओने तोच आवाज कमी जागेत बसवला. शामियान्याची कनात घडी घालून गाडीत टाकली आणि गावात जाऊन उलगडली तर एक बोटही कमी भरत नाही, तसे हे दोन फॉर्मॅट आहेत. उलगडल्यावर मूळ ट्रॅकमधला बिटन् बिट परत मिळतो. म्हणजे एकाच मास्टरवरून केलेलं ट्रू-एचडी, मास्टर ऑडिओ आणि एलपीसीएम यांत ऐकण्यासारखा फरक असूच शकत नाही. तुम्हाला फरक जाणवला तर लेव्हल वेगळी आहे किंवा मिक्सच वेगळं आहे. या तिघांच्या वादात संध्याकाळ घालवू नका.

खरी तुलना आहे ती आवाजाचा काही भाग टाकलेल्या आणि काहीच न गमावलेल्या ट्रॅकची. त्यासाठी एक सोपा उपाय आहे. मास्टर ऑडिओच्या पोटात साधं डीटीएस ‘कोअर’ म्हणून बसलेलं असतं. प्लेअरला एचडीएमआय आणि ऑप्टिकल अशा दोन्ही केबल लावून एकाच रिसीव्हरच्या दोन इनपुटला जोडा. बहुतेक प्लेअर दोन्ही वाटांनी एकदमच आवाज सोडतात. एचडीएमआयवर मास्टर ऑडिओ येतं, ऑप्टिकलवर त्याच मिक्सचं कोअर. इनपुट बदललं की फॉर्मॅट बदलतो, सिनेमा तोच राहतो. ट्रू-एचडीच्या डिस्कवर सोबत डॉल्बी डिजिटलचा वेगळा ट्रॅक द्यावाच लागतो, ऑप्टिकलवर तो येतो.

इंग्रजी मास्टर ऑडिओ आणि हिंदी डब डॉल्बी डिजिटल अशी तुलना मात्र करू नका. डबिंगचे संवाद वेगळ्या स्टुडिओत, वेगळ्या माइकवर होतात. तिथे तुम्ही फॉर्मॅट तपासत नाही, दोन माणसांची कामं तपासता.

लेव्हल जुळवायला मोबाईलवरचं डेसिबल मोजणारं ॲप चालतं. त्याला ‘सी’ वेटिंग आणि ‘स्लो’वर ठेवा. आधी रिसीव्हरचा टेस्ट टोन लावून पाचही स्पीकर बसण्याच्या जागेवरून सारखे करा, ७५ डेसिबल धरून चला. मोबाईल उशीवर ठेवा आणि मग हलवू नका. नंतर शांत संवादाचा एकच तुकडा दोन्ही इनपुटवर वाजवून आकडे पाहा, आणि जो कमी असेल तेवढा व्हॉल्यूम वाढवा. काही रिसीव्हर डायलनॉर्मची कपात डिस्प्लेवर दाखवतात, ते सगळ्यात सोपं. ॲपचा आकडा नेमका बरोबर नसला तरी चालेल, कारण आपल्याला दोन ट्रॅकमधला फरक हवा आहे.

इनपुट बदलायला घरातल्या दुसऱ्या कोणाला बसवा आणि डिस्प्लेवर दुपट्टा टाका. नाव वाचलं की कान ऐकायचं सोडून नावाच्या मागे जातो. पंधरा-वीस सेकंदांचे तुकडे ऐका, त्याहून लांब ऐकलं की पहिलं विसरतं. धमाक्यांवर वेळ घालवू नका, धमाक्यात दाबलेला आवाजही खपून जातो. टाळ्या, झांजा, घुंगरू, पानांवरचा पाऊस, आणि वाक्य संपल्यावर खोलीत उरणारा आवाज ऐका. गर्दीच्या टाळ्यांत वेगवेगळे हात ऐकू येतात, की सगळं मिळून तेलात काही तळल्यासारखं होतं? जुन्या डीव्हीडीचा ४४८ चा ट्रॅक आणि ब्ल्यू-रेचा न गमावलेला ट्रॅक यांत हे मला ओळखू येतं. १,५०९ चं डीटीएस कोअर आणि मास्टर ऑडिओ यांत लेव्हल जुळवल्यावर ओळखणं फार कठीण आहे. म्हणून ज्यांच्याकडे फक्त ऑप्टिकलचा जुना डबा आहे त्यांनी निराश होऊ नये. तुम्हाला मिळतं आहे ते चांगलंच आहे.

खोलीकडे मात्र लक्ष हवं. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर चालू असतो, आणि त्याच्या घरघरीत वर सांगितलेलं काहीच ऐकू येत नाही. तुलना थंडीत करा, रात्रीचं जेवण आटोपल्यावर. टिनाचं छत असेल तर सबवूफरबरोबर टिन खणखणतं, ते आधी कसून घ्या. मातीच्या जाड भिंती आणि कवेलूचं घर आवाजाला बरं असतं, तिरप्या छपरामुळे आवाज समोरासमोर उसळ्या मारत नाही. गुळगुळीत फरशी आणि स्लॅबच्या नव्या खोलीत सतरंजी अंथरा, मागच्या भिंतीला गादी उभी करा. समोरचे दोन स्पीकर मध्यापासून ३०-३० अंशांवर, मागचे कानाच्या रेषेपासून थोडे मागे, सुमारे ११० अंशांवर. पुष्कळ घरी ते टीव्हीच्याच भिंतीला टांगलेले असतात. तिथून कोणताही फॉर्मॅट तुम्हाला मागचा आवाज देऊ शकत नाही. लहान स्पीकर असतील तर रिसीव्हरमध्ये ‘स्मॉल’ निवडा आणि ८० हर्ट्झच्या खालचं सबवूफरकडे द्या.

ॲटमॉस आणि डीटीएस एक्स हे वरून येणाऱ्या आवाजाचे फॉर्मॅट. ब्ल्यू-रेवर ॲटमॉस ट्रू-एचडीच्या आत येतं आणि डीटीएस एक्स मास्टर ऑडिओच्या आत, म्हणून जुना रिसीव्हरही अशी डिस्क नेहमीसारखी वाजवतो. छताकडे तोंड करून आवाज उसळवणारे स्पीकर विकत घेण्याआधी वर पाहा. त्यांना सपाट, कडक छत लागतं. कवेलूवरून आवाज हवा तसा परत येत नाही. तिथे आड्याला स्पीकर टांगणं हाच मार्ग.

डिस्क घेताना मागच्या बाजूचा बारीक अक्षरातला तक्ता वाचा. आपल्याकडे मिळणाऱ्या परदेशी सिनेमांच्या पुष्कळ डिस्कवर इंग्रजीला ट्रू-एचडी किंवा मास्टर ऑडिओ असतं आणि हिंदीला ५.१ चं साधं डॉल्बी डिजिटल. घरचे हिंदीतच पाहणार असतील तर कव्हरवरच्या मोठ्या लोगोसाठी जास्त पैसे देऊ नका. ते पैसे मधल्या स्पीकरला लावा, संवाद तिथूनच येतात.