ताम्रसृतीवरून अंतर काढताना या चुका टाळा

ताम्रसृती म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीतली वाढ भागिले मूळ तरंगलांबी. वर्णपटातली एकच रेषा पाहून ती ठरवू नका. हायड्रोजनची एच-आल्फा रेषा मूळची ६५६.३ नॅनोमीटरची. ३सी २७३ या क्वेसारची (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राची) ताम्रसृती ०.१५८, म्हणजे ६५६.३ गुणिले १.१५८, अर्थात ७६० नॅनोमीटर. नेमक्या तिथेच आपल्या हवेतला ऑक्सिजन प्रकाश शोषतो. रेषेला खाच पडते आणि तिचं शिखर भलतीकडे दिसतं. अशा वेळी एच-बीटा (४८६.१) शोधा; ती ५६३च्या आसपास सापडायला हवी. दोन्ही रेषांच्या तरंगलांबींचं गुणोत्तर जुळलं, तरच पुढे जा. खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनाही १९६३ मध्ये या क्वेसारच्या वर्णपटाचं कोडं सुटलं ते हायड्रोजनच्या रेषांची मालिका ओळखल्यामुळे.

सगळ्यात महागात पडणारी चूक पुढची. ताम्रसृतीला प्रकाशवेगाने गुणायचं, हबल स्थिरांकाने (विश्वाच्या प्रसरणाच्या आजच्या दराने) भागायचं, झालं! स्थिरांक ७० (दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला ७० किलोमीटर) धरला तर या क्वेसारचं अंतर ६७७ मेगापार्सेक येतं. पण विश्वात द्रव्याचा वाटा ०.३ आणि उरलेली कृष्ण ऊर्जा (प्रसरणाला वेग देणारी) धरून रीतसर संकलन (इंटिग्रेशन) केलं, तर आजचं अंतर सुमारे ६५० भरतं. मूळ तेजस्विता काढायची असेल, तर तेही चालत नाही. प्रसरणामुळे प्रत्येक फोटॉनची ऊर्जा घटते, शिवाय फोटॉन विरळ अंतराने पोहोचतात. म्हणून अंतराला पुन्हा १.१५८ ने गुणायचं: सुमारे ७५५. इथे ६७७ वापरलं, तर तेजस्विता जवळजवळ २० टक्के कमी येते.

जवळच्या दीर्घिकांना तर हा नियम लावूच नका. देवयानी दीर्घिका आपल्याकडे सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने येते आहे! दीर्घिकांचे स्वतःचे वेग असेच काहीशे किलोमीटरचे असतात. १० मेगापार्सेकवर प्रसरणाचा वेगच ७००, त्यात ३००ची चूक म्हणजे अंतराचा विचका. १०० मेगापार्सेकवर तीच चूक ४ टक्क्यांवर येते.

वेग प्रकाशापेक्षा जास्त आला म्हणून विशेष सापेक्षतेचं डॉप्लर सूत्र (स्रोताच्या गतीमुळे तरंगलांबी किती बदलते ते सांगणारं) लावून तो खाली ओढणंही चूक. इथे अवकाशच ताणलं जातं. ताम्रसृती सुमारे १.५च्या पुढच्या दीर्घिका आज खरोखरच प्रकाशवेगाहून वेगाने दूर जात आहेत.

रेडिओ निरीक्षणांत वारंवारतेचा घोळ होतो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर हायड्रोजनची १४२०.४ मेगाहर्ट्झची रेषा ७१०.२ला दिसली, तर घटीला मूळ वारंवारतेने भागून ०.५ लिहू नका. निरीक्षित वारंवारतेने भागा. ताम्रसृती १ आहे.

उत्तराशेजारी हबल स्थिरांक कोणता घेतला तेही लिहा. ६७.४ आणि ७३ यांतल्या निवडीनेच अंतर ८ टक्के बदलतं.