शाळेपुढचा वेग कमी करून घ्यायचाय? आधी किलोमीटरचा दगड बघा

अर्ज लिहायला बसण्याआधी रस्ता कुणाचा ते बघा. किलोमीटरच्या दगडाचं डोकं हिरवं असेल तर राज्य मार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग. पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग. ग्रामीण रस्ता बहुधा जिल्हा परिषदेचा. ‘हे आमच्याकडं येत नाही’ ऐकून माघारी यायचं नसेल तर हे काम पहिलं.

मग वेग मोजा. ‘गाड्या लई जोरात जातात’ एवढ्यानं साहेब हलत नाहीत. माझी पिठाची गिरणी इथं तासगाव तालुक्यात शाळेच्या समोरच आहे, त्यामुळं दळण टाकता टाकता जमून गेलं. टेपनं ५० मीटर मोजा, कडेला चुन्याच्या दोन रेघा मारा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. १८० ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर निघतात. सहा सेकंद लागले तर ३०, तीन लागले तर ६०. शाळा भरताना आणि सुटताना, दोन्ही वेळा मोजा. ऊसतोडीच्या दिवसांत तर मोजाच. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर बिचारा रांगतच जातो. भीती असते ती त्याला ओलांडायला उजवीकडनं सुसाट निघणाऱ्या मोटारसायकलची. ट्रॉलीआडचं पोर तिला दिसत नाही, पोराला ती दिसत नाही. वहीत वेळ, गाडीचा प्रकार आणि सेकंद एवढंच लिहा. गाड्यांचे नंबर टिपू नका, उगाच भावकीत भांडणं लागतात.

‘शाळेपुढं मर्यादा ताशी ३०चीच कशाला?’ असं कुणीतरी विचारणारच. ५०च्या वेगातल्या गाडीचा दणका ३०च्या जवळजवळ तिप्पट असतो, हे सांगा.

आता शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, जमलं तर ग्रामसभेचाही. अर्जात नुसता फलक मागू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२ प्रमाणं वेगमर्यादेची अधिसूचना मागा, आणि तिच्यासोबत लाल गोलातला ३०चा फलक. ग्रामपंचायतीनं हौसेनं रंगवलेल्या पाटीवर दंड होत नाही. प्रत पोलीस ठाण्याला द्या, एक जिल्हाधिकाऱ्यांना. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष तेच असतात.

स्पीडब्रेकरचं मात्र जपून. गावची पोरं रातोरात सिमेंटचा उंचवटा घालतात. घालू देऊ नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असतो. अरुंद आणि उंच केला की मागं बसलेल्या गरोदर बाईचा जीव वर येतो आणि मोटारसायकलवाले कडेच्या मातीतनं गाडी घालतात, जिथनं पोरं चालतात. वर पांढरे पट्टे आणि अलीकडं सूचनाफलक नसेल तर रात्री कुणीतरी आपटतंच.

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतनं हलू नका. उत्तर आलं नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारा, ‘अर्जावर काय कार्यवाही झाली?’ ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि हे सगळं पुढच्या हंगामाला साखर कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत उरकायला बघा.