मे महिन्यात दोघांनी गाडीनं विदर्भ फिरायचाय? मग या चुका टाळा

तूर-हरभरा घरात आलेला असतो, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात आणि मृगाला अजून तीन-चार आठवडे असतात. शेतकऱ्याच्या घरात नवरा-बायकोला सलग पंधरा दिवस मोकळे मिळतात ते एवढेच. म्हणून "इतक्या उन्हात कशाला जाता?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, दुसऱ्या कुठल्या महिन्यात जाऊ?

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं कारंज्याजवळच्या आमच्या गावातून निघालो. आधी पश्चिमेला लोणार आणि शेगाव, तिथून अकोट-परतवाड्यावरून चिखलदरा, मग सेवाग्राम, रामटेक, नवेगावबांध, आणि खाली गडचिरोली, मार्कंडा, हेमलकसा, सिरोंचा. परतीला चंद्रपूर, वणी, यवतमाळ. चौदा दिवसांत अकराही जिल्ह्यांची माती टायरला लागली. गाडी नऊ वर्षं जुनी, पेट्रोलची. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आपला मुलूख आम्ही असा सलग पहिल्यांदाच पाहिला. दरवर्षी कुणी ना कुणी असं निघत असतं, म्हणून आमच्या हातून काय चुकलं आणि ते कसं निस्तरलं ते लिहिते.

किलोमीटर मोजून दिवस आखू नका

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या बहुतेक तिच्याच पोटातून निघाल्या. पहिल्या दिवशी देवपूजा, चहापाणी, शेजाऱ्यांचा निरोप घेत साडेआठला निघालो. "लोणार तर जवळच आहे" असं म्हणत अकराच्या सुमाराला विवराच्या काठावर पोचलो आणि तसेच खाली उतरलो. उल्का आदळून झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. भोवती सगळा काळा पाषाण, त्यामुळे दुपारी ती कढईच होते. उतरणं सोपं गेलं. चढताना मात्र यांच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि शेवटच्या पाच मिनिटांच्या चढाला आम्हाला अर्धा तास लागला. घामावाटे मीठ गेलं की असे गोळे येतात. लोणार बघायचं तर सूर्य वर यायच्या आत उतरा आणि आठला वर या.

त्या रात्री शेगावला भक्तनिवासात बसून सगळं वेळापत्रक फाडलं. नवा नियम असा ठरला: पहाटे साडेचारला गाडी चालू, साडेदहाला बंद. संध्याकाळी पाचनंतर अंधार पडेपर्यंत फक्त जवळपासचं. राज्य मार्गावर गावं, गतिरोधक, गुरं, चहा-नाश्ता धरून सहा तासांत दोनशे किलोमीटर झाले तरी पुष्कळ. त्यापेक्षा जास्त आखलं की गाडी दुपारच्या उन्हात सापडणार, हे नक्की.

यात एक बारकावा आहे. आम्ही पूर्वेकडे जात होतो. मे महिन्यात पावणेसहाला सूर्य वर येतो आणि पुढचा तासभर थेट काचेवर बसतो. समोरून येणारा सायकलवाला दिसत नाही. म्हणून चहा, पोहे-तर्री त्या तासात. पश्चिमेला जाणाऱ्यांना हाच त्रास संध्याकाळी होतो.

तापलेल्या टायरची हवा सोडू नका

उन्हात टायर फुटतात म्हणून हवा कमी ठेवावी, असं आपल्याकडे अर्धी माणसं सांगतात. आम्हीही परतवाड्याला दुपारी हवा सोडायला थांबलो. पंक्चरवाल्या दादानं नळीच हातात घेऊ दिली नाही. "हवा सोडू नोका भाऊ. हवा कमी असन तं टायर जास्त तापते."

त्याचं शंभर टक्के बरोबर आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते, आणि त्या वाकण्यानंच आतून तापते. धावून तापलेल्या टायरमध्ये दाब चार-पाच पीएसआयनं वाढलेला दिसतो, तो तसाच राहू द्यायचा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर कंपनीनं दिलेला आकडा असतो, तो थंड टायरचा. म्हणजे पहाटे, गाडी हलवायच्या आधी. स्टेपनीची हवाही त्याच वेळी बघा. आमच्या स्टेपनीत निम्मीच होती.

टायरचं वयही बघा. बाजूवर चार आकडे छापलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचा टायर घेऊन समृद्धी महामार्गावर चढू नका. तिथं मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे, पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे. सरळ सिमेंटचा रस्ता, भर दुपार आणि झोपाळलेले डोळे एकत्र आले की १२० फार होतात. आम्ही ९० वर चाललो. टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय मारू नका. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, एक्सलेटर हळूहळू सोडा आणि गाडी आपोआप मंदावू द्या.

काटा चढला की आधी नाकात बघा

शेगावहून अकोटकडे येताना आम्ही बराच वेळ कुटारानं, म्हणजे भुशानं, भरलेल्या एका ट्रॉलीमागे होतो. रस्ता अरुंद, ओव्हरटेक करता येईना. वाटलं, काचा तर बंद आहेत. दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याचा घाट चढताना आधी एसीची हवा गरम यायला लागली, मग तापमानाचा काटा लालकडे सरकला.

अशा वेळी पहिल्यांदा एसी बंद करा. लगेच थांबायला जागा नसेल तर हीटर पूर्ण चालू करा. उकाड्यानं जीव जातो, पण इंजिनातली उष्णता बाहेर ओढली जाते. जागा मिळताच थांबा, बॉनेट उघडा आणि अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, झाकण ढिलं होताच ते तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणं ही दुसरी घोडचूक, त्यानं धातूला तडा जाऊ शकतो.

आम्ही कूलंट पाहिलं, ते बरोबर होतं. शेवटी एक जीपवाला भाऊ वाकून जाळीत बघत म्हणाला, "गाडीच्या नाकात कुटार गेलं ना हे!" एसीच्या कंडेन्सरवर कुटाराची गादी बसली होती, मागच्या रेडिएटरला वारा लागतच नव्हता. गार झाल्यावर रंगाच्या ब्रशनं झाडलं, बाटलीनं पाणी मारलं, काटा जागेवर आला. तेव्हापासून ट्रॉली दिसली की आम्ही पाच मिनिटं थांबतो. एअर फिल्टरही झटकून घ्या. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलवर पेट्रोल वाचतं असं समजून ब्रेक जाळून घेऊ नका.

जोडीदाराची चिडचिड म्हणजे राग समजू नका

हे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय.

मार्कंड्याला वैनगंगेच्या काठावरची देवळं पाहून आम्ही चामोर्शीला दुपार काढणार होतो. लॉज मिळाला नाही. लग्नाचे दिवस, सगळ्या खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या. (तालुक्याच्या गावी दोन दिवस आधी फोन करून खोली पक्की करा, आणि आधार कार्ड दोघांचंही ठेवा.) मग "आलापल्लीपर्यंत जाऊन टाकू" म्हणून भर बाराला निघालो. एका वळणावरून हे माझ्यावर खेकसले. मला वाईट वाटलं, मी गप्प बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आष्टी गेलं का?" मी हो म्हणाले. पाच मिनिटांनी पुन्हा तेच, "आष्टी गेलं का?" तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. हा राग नव्हता, ऊन होतं.

गाडी मोहाच्या सावलीत घेतली. दुपट्टा ओला करून मानेवर-डोक्यावर टाकला, शर्टाची बटणं सोडली, पुठ्ठ्यानं वारा घातला आणि ओआरएसचे घोट पाजले. वीस-पंचवीस मिनिटांत चेहरा पहिल्यासारखा झाला. पुढची गाडी मी चालवली.

चिडचिड, डोकं जड होणं, मळमळ, गोळे येणं हे उन्हाचे पहिले इशारे. इथं थांबलं तर माणूस सावरतो. बरळायला लागला, तोल गेला, अंग चटका बसावा इतकं तापलं तर तो उष्माघात. लगेच १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, उष्माघातात घाम असूही शकतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथं उपयोगाची नाही. खिशातला कांदा आमच्याही गाडीत होता, आजीची आठवण म्हणून ठेवा, पण त्याच्या भरवशावर दुपारी निघू नका.

ओआरएसचं पाकीट नीट वाचा. मोठं असेल तर ते सगळं एक लिटर पाण्यात टाकायचं, अर्धं-अर्धं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. दुपारी सावजीच्या झणझणीत ताटावर बसायचा मोह टाळा, ते रात्रीसाठी ठेवा. ज्वारीच्या कण्या आणि ताक, किंवा कैरीचं पन्हं, यावर दुपार छान निघते.

आता बायांसाठी. वाटेत सोय नाही म्हणून आपण पाणीच कमी पितो. मीही पहिले तीन दिवस तेच केलं आणि चौथ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू झाली. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा फुकट देणं पंपचालकावर बंधनकारक आहे, पेट्रोल न भरताही. किल्ली मागा, संकोच करू नका. तेवढ्यासाठी गाडी थांबवायची तर बिनधास्त थांबवा.

आमच्यात त्यानंतर एक करार झाला. शेजारी बसलेल्यानं "थांबा" म्हटलं की चालवणाऱ्यानं कारण न विचारता थांबायचं. आणि दर दोन तासांनी चालवणारा बदलायचा. बायकोकडे लायसन असून हायवेवर हात बसलेला नसेल तर महिनाभर आधी बसवा.

नकाशा, पंप, वार

फोन डॅशबोर्डवर उन्हात लावू नका. तापला की तो बंद पडतो, नेमका फाट्यावर. आलापल्लीच्या पुढे भामरागडकडे आणि मेळघाटात नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि गावांची नावं क्रमानं कागदावर लिहा. पेट्रोल आलापल्लीलाच टाकी भरून घ्या.

भंडारा-गोंदियाकडे उन्हाळी धान रस्त्यावर वाळत घातलेलं असतं, कडेला दगड लावलेले असतात. दिवे लागणीनंतर ते दिसत नाहीत. पश्चिमेकडे शेतकरी धुरे पेटवतात आणि धूर रस्त्यावर येतो. धुराच्या भिंतीत गाडी घालू नका, दिवे लावून अलीकडेच थांबा.

ताडोब्याला आम्ही मंगळवारी पोचलो. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं, आणि सफारीचं आरक्षण आधी ऑनलाइन करावं लागतं. तसेच पुढे गेलो. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसायची आशा सगळ्यात जास्त असते.

पांदण रस्त्याचा शॉर्टकट घेऊ नका

शेवटच्या संध्याकाळी दारव्ह्याच्या पुढे अवकाळीचं वावधन, म्हणजे वादळ, सुटलं. अशा वेळी झाडाखाली गाडी लावू नका. कडुनिंबाच्या, बाभळीच्या फांद्या पडतात. मोकळ्या जागी, दिवे लावून, काचा बंद करून आतच बसा. वीज चमकत असताना गाडीच सुरक्षित. आम्ही ते नीट केलं. पाऊस अर्ध्या तासात थांबला. चूक झाली ती नंतर.

मुख्य रस्त्यावर झाड पडलं होतं. नकाशानं डावीकडून वाट दाखवली, घर तासाभरावर आलेलं, म्हणून वळलो. ती पांदण निघाली. काळ्या मातीत पाव किलोमीटर गेलो नाही तर चाकं जागेवर फिरायला लागली. जितका एक्सलेटर दाबला तितकी गाडी खाली बसली. इथं दाबायचं नसतंच. चाक फिरलं की लगेच थांबायचं, चाकांसमोरची माती उकरून पऱ्हाट्या किंवा गोणपाट घालायचं आणि दुसऱ्या गिअरमध्ये अलगद सोडायचं. आम्हाला हे आठवलं तेव्हा गाडी तळाच्या पत्र्यापर्यंत रुतली होती.

शेजारच्या वावरातून बॅटरी घेऊन एक काका आले. त्यांनी चाकाभोवती उजेड फिरवला. "आता हालवू नोका. सकाळी ऊन पडू द्या, दहा वाजेलोक निंगते गाडी."

त्यांच्या गोठ्यासमोर खाट टाकून दिली, काकूंनी भाकर आणि ठेचा दिला. रात्र गार होती. सकाळी आम्ही दोघं चहाचे कप घेऊन धुऱ्यावर बसलो आणि ऊन चढायची वाट पाहिली. नवतपाचा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, पहिला दिवस होता. नऊलाच मातीवर पापुद्रा धरला, साडेनऊला पऱ्हाट्या टाकल्या, आणि हे बाहेरून ढकलत असताना मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अलगद बाहेर काढली.