बोट ब्लॅकलिस्ट कशी होते, आणि आपली तक्रार टिकेल अशी कशी करायची

मालवण, देवगडसमोर परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर घुसले की ग्रुपवर लगेच मेसेज पडतात, ब्लॅकलिस्ट करा यांना. पण ती लिस्ट कोण करतं, कशी करतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून लिहितोय.

खोल समुद्रातल्या मोठ्या जहाजांची यादी अनेक देश मिळून करतात. आपल्या बाजूला हिंदी महासागर ट्युना आयोग आहे, भारत त्याचा मेंबर आहे. मेंबर देश पुराव्यासकट जहाजाचं नाव पाठवतो, मग ज्या देशाचा झेंडा त्या जहाजावर आहे त्याला उत्तर द्यायला वेळ मिळतो, आणि वार्षिक बैठकीत नाव पक्कं होतं. त्यानंतर मेंबर देशांनी त्याला बंदरात घ्यायचं नाही (जहाज संकटात असेल तर गोष्ट वेगळी), भर समुद्रात त्याची मासळी दुसऱ्या जहाजावर घ्यायची नाही, आपला झेंडा द्यायचा नाही. दंड एकदा भरला की माणूस मोकळा होतो, इथे मासळी उतरवायलाच जागा राहत नाही, माझ्या मते खरा मार तो.

ही यादी कोणालाही बघता येते, कम्बाइंड आययूयू (म्हणजे बेकायदा, न कळवलेली, अनियंत्रित मासेमारी) व्हेसल लिस्ट असं सर्च करा. बघताना नावावर जाऊ नका, सात आकडी आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) बघा, जहाज विकलं, रंगवलं, झेंडा बदलला तरी तो तोच राहतो. थंडर नावाचं जहाज अंटार्क्टिकाकडे बेकायदा टूथफिश (महागडी खोल समुद्रातली मासळी) मारायचं, ब्लॅकलिस्टवर असूनही नावं आणि झेंडे बदलत वर्षानुवर्षं फिरत राहिलं, शेवटी सी शेफर्ड या समुद्री जीव वाचवणाऱ्या संस्थेची जहाजं शंभरहून जास्त दिवस मागे लागली आणि एप्रिल 2015 मध्ये ते आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या साओ टोमे बेटाजवळ बुडालं.

आता आपल्याकडचं. शेजारच्या राज्यातला ट्रॉलर किंवा एलईडीवाला (रात्री झगझगीत लाईट लावून मासळी ओढून पकडणारा) त्या यादीत जात नाही, त्याच्यासाठी आपला कायदा आहे. किनाऱ्यापासून 12 नॉटिकल मैलांपर्यंत राज्याचा 1981 चा सागरी मासेमारी कायदा लागतो, 2021 च्या दुरुस्तीनंतर एलईडीला 5 ते 20 लाख दंड आहे आणि केस तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय खात्याचा अधिकारीच चालवतो. आणि कोणी म्हणालं आम्ही 12 मैलांच्या बाहेर होतो, तर एलईडी तिकडेही केंद्राने 2017 पासून बंद केलीय.

पण केस उभी राहते ती पुराव्यावर. नुसतं "रात्री लाईटवाले होते" लिहून काही होत नाही. बोटीचा रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे, आयएनडी नंतर राज्याची अक्षरं असतात, एमएच, केए, जीए, त्यावरून कुठली ते कळतं. आपल्या जीपीएसच्या स्क्रीनचा फोटो काढा, पोझिशन आणि टाईम दोन्ही दिसू दे. व्हिडिओत जाळं पाण्यात आहे किंवा लाईट पेटलीय हे दिसलं पाहिजे. ओरिजिनल फाईल फोनमध्येच ठेवा, व्हॉट्सॲपवर फिरलेल्या कॉपीत टाईम आणि लोकेशनची माहिती उरत नाही. आणि जवळ जाऊ नका रे, रात्री मोठ्या ट्रॉलरने धडक दिली तर आपली होडी वाचत नाही, आधी कोस्ट गार्डला 1554 किंवा सागरी पोलिसांना 1093 वर फोन लावा.

किनाऱ्यावर आलात की मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांना अर्ज द्या आणि आवक नंबर घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका. काहीच कळलं नाही तर त्याच नंबरवर माहिती अधिकार टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. केसचा निकाल लागला की त्या आदेशाची कॉपी फाईलला लावून ठेवा, तीच बोट पुढच्या सीझनला परत दिसली तर नवीन अर्जासोबत ती जोडता येते.