नव्या घरातला कॉकाटील: पहिल्या महिन्यात काय पाहायचं

नवा आणलेला कॉकाटील (तुरा असलेला छोटा पोपट) पहिले दोन-तीन दिवस जसा वागतो, त्यावरून त्याचा स्वभाव ठरवू नका. पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात ताठ बसणं, तुरा डोक्याला घट्ट चिकटवून फिस्कारणं, हात जवळ नेला की चोच वासून डुलणं, दिवसभर चकार शब्द न काढणं ही सगळी भीती आहे. मूळचा ऑस्ट्रेलियातला, ८० ते १०० ग्रॅम वजनाचा हा पक्षी रानात थव्यानं राहतो. दुबळा दिसला की शिकारी त्यालाच उचलतो, म्हणून तो आजारही लपवतो. नवख्याची खरी अडचण इथेच आहे. घाबरलेला पक्षी आणि आजारी पक्षी पहिल्या आठवड्यात जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून वागण्याचा अर्थ लावण्याआधी तीन गोष्टी पाहायची सवय लावा: वजन, विष्ठा आणि खरोखर पोटात गेलेलं खाणं.

(हे सगळं कॉकाटीलबद्दल आहे. आपला हिरवा पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे घरात पाळता येत नाही, तो कुणी कितीही प्रेमानं देत असला तरी.)

पहिलं वजन पक्षी घरी आला त्याच क्षणी घ्या. ज्या खोक्यातून आणला ते पक्ष्यासकट एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा, पक्षी पिंजऱ्यात सोडल्यावर रिकामं खोकं पुन्हा मोजा आणि फरक लिहून ठेवा. पुढे वजनासाठी त्याला पकडू नका. काट्यावर छोटी दांडी ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि राळ्याचं कणीस दाखवून त्याला वर बोलवायचं. वेळ सकाळची, पहिली मोठी विष्ठा पडल्यानंतरची आणि खाण्याआधीची. दोन-तीन ग्रॅम खालीवर होतातच. ९० ग्रॅमचा पक्षी ८१वर आला, म्हणजे दहा टक्के घटला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्राऐवजी कोरा पांढरा कागद घाला. निरोगी विष्ठेत तीन भाग वेगळे दिसतात: हिरवट-तपकिरी वळी, पांढरा खडूसारखा भाग आणि स्वच्छ पाणी. प्रवासानंतर किंवा कोथिंबीर-काकडी खाल्ल्यावर पाणी वाढतं, त्यात काळजीचं काही नाही. वळी अगदी बारीक आणि गडद हिरवी झाली तर तो जेवत नाहीये. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झाला तर यकृताचा त्रास असू शकतो. काळी, डांबरासारखी विष्ठा म्हणजे आत रक्तस्राव असण्याची शक्यता.

वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी असतो, हे नवख्यांच्या घरात फार होतं. कॉकाटील दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. वाटीवर फुंकर मारा, खाली दाणे किती उरलेत ते पाहा. जिथून पक्षी आणला तिथलंच खाणं किमान दोन आठवडे चालू ठेवा. नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या पक्ष्याला पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्या) हे अन्न आहे हेच कळत नाही. दाणे एकदम बंद केले तर तो भरल्या वाटीसमोर उपाशी बसतो.

आणखी एक फसगत पिलांच्या बाबतीत होते. ‘हाताळलेलं, माणसाळलेलं’ म्हणून सहा-सात आठवड्यांचं पिल्लू मिळतं. ते माणूस दिसला की मान वरखाली करत एकसारखं करकरतं, आणि घरच्यांना वाटतं लळा लागला. ते भूक सांगत असतं, कारण अजून स्वतः खायला शिकलेलं नसतं. अशा पिल्लाला भरवणं हे शिकलेल्या हाताचं काम आहे. चुकीच्या पद्धतीनं भरवलं तर खिमट श्वासनलिकेत जातं, फार गरम असेल तर गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजते. पिल्लू ज्याच्याकडून आणलं त्याच्याकडे किंवा पक्ष्यांच्या डॉक्टरकडे लगेच न्या.

रात्री दोन-तीनच्या सुमाराला पिंजऱ्यात अचानक जोरात फडफड सुरू होते, ते फिट आल्यासारखं वाटतं. कॉकाटीलमध्ये ही रात्रीची दचकण नेहमीची आहे. भिंतीवरची पाल, गाडीच्या दिव्याचा झोत, फ्रिजचा आवाज, काहीही पुरतं. अंधारात त्याला दिसत नाही, म्हणून तो गजांवर आपटत राहतो. हात आत घालू नका. आधी मंद दिवा लावा, हळू आवाजात बोलत राहा, तो दांडीवर चढेपर्यंत थांबा. मग पंख आणि शेपटी तपासा. वाढत्या पिसाच्या देठात रक्त असतं आणि ते मोडलं तर थेंब थेंब गळतं. कॉर्नफ्लॉवरची चिमूट लावून स्वच्छ कापसानं दोन-तीन मिनिटं दाबा. तरी थांबलं नाही तर डॉक्टर. पुन्हा होऊ नये म्हणून झीरोचा दिवा रात्रभर ठेवा, पिंजरा खिडकीपासून हलवा, झाकताना एक बाजू उघडी ठेवा, टांगती खेळणी रात्री काढा. दहा ते बारा तास शांत झोप मात्र हवीच. हॉलमधल्या टीव्हीसमोर ती मिळत नाही.

काही गोष्टी उगाच घाबरवतात. झोपताना चोच घासल्याचा करकर आवाज, एका पायावर बसणं, खाल्ल्यावर दोन-चार जांभया, अंगावरून उडणारी पांढरी पावडर, मान खाली घालून थांबणं (खाजवून हवं असतं) ही सगळी निवांतपणाची किंवा निरोगीपणाची चिन्हं. नर आरशासमोर मान हलवत दाणे बाहेर काढतो, ते प्रेम. पण डोकं झटकत ओकणं आणि डोक्याच्या पिसांना चिकट अन्न लागणं हा आजार.

खरा धोका असा दिसतो: तासन्‌तास फुगून दोन्ही पायांवर बसणं, दिवसा मिटत जाणारे डोळे, प्रत्येक श्वासाबरोबर हलणारी शेपटी, पिंजऱ्याच्या तळाशी बसणं. मादी तळाशी कुंथत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं, नर जवळ नसला तरी ती अंडी घालते. यात उद्यापर्यंत थांबू नका. डॉक्टरकडे नेईपर्यंत खोक्याची एक बाजू दिव्यानं ३० अंशांच्या आसपास उबदार ठेवा, दुसरी गार राहू द्या. चोचीत पाणी ओतू नका, माणसांची औषधं देऊ नका.

अचानक धापा टाकू लागला तर आधी स्वयंपाकघराकडे पाहा. तापून करपलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ काही मिनिटांत पक्षी मारते. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, डिओ यांनीही फुप्फुसं बिघडतात, म्हणून पिंजरा देवघराजवळ नको. आणि पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी छताचा पंखा बंद करून पाती थांबू द्या.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून शिकवायला सुरुवात करा: पिंजऱ्याशेजारी बसून बोलायचं, मग गजांतून राळा, मग उघड्या दारातून, मग तळहातावरून. दर वेळी पाच-दहा मिनिटं पुरे. तुरा चिकटला किंवा तो मागे सरकला की हातही मागे घ्या. चावला तर झटकू नका, ओरडू नका, हात स्थिर ठेवून हळूच त्याला दांडीवर उतरवा.